एकोणीस नंबरची जागा

१९७२ सालचा ऑक्टोबर महिना. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बाल्टिमोर या बंदराच्या गावात एकच विषय चघळला जात होता. गोदीतले कामगार, पोलादाच्या कारखान्यातून पाळी संपवून निघालेली माणसं, न्हाव्याच्या दुकानात नंबर लावून बसलेले म्हातारे, सगळ्यांपुढे प्रश्न तोच. ३९ वर्षांच्या जॉनी युनायटसने आता बाकावर बसावं, आणि त्याच्या जागी २५ वर्षांच्या मार्टी डोमरेसने खेळावं, हे बरोबर की चूक?

आपल्याकडे चहाच्या प्रत्येक टपरीवर क्रिकेटची निवड समिती रोज भरते. त्यामुळे असला वाद ही काय चीज असते, हे वाचकांना मी सांगायला नको. पण एक फरक आहे. क्रिकेटमध्ये जागा अकरा असतात. म्हातारा फलंदाज सहाव्या नंबरवर ढकलता येतो आणि पोरगा तिसऱ्या नंबरवर पाठवता येतो. दोघांचीही सोय होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाची जागा एकच असते. एक आत आला की दुसरा बाहेर.

हा खेळ आपल्या फुटबॉलसारखा नाही. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू हातात घेऊन किंवा हवेतून फेकून पुढे न्यायचा. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे गेलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या ताब्यात. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण. प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला चेंडू येतो तो क्वार्टरबॅकच्या हातात. तो कुणाला तरी देतो किंवा दूरवर धावणाऱ्या साथीदाराकडे फेकतो. आणि तेवढ्या दोन-तीन सेकंदांत समोरून शंभर-सव्वाशे किलोचे चार-पाच गडी त्याला आडवा करायला धावून येत असतात. युनायटसच्या काळात तर पुढचा डाव कोणता, हेही बहुतेक वेळा तोच ठरवायचा. आज ते काम प्रशिक्षक करतात आणि शिरस्त्राणातल्या छोट्या यंत्रातून क्वार्टरबॅकच्या कानात सांगतात. थोडक्यात, रथ हाकायचा त्यानेच आणि बाणही मारायचा त्यानेच.

माझी मुलगी मेरीलँड राज्यात राहते. तिच्याकडे गेलो असताना मी हा खेळ प्रथम पाहिला आणि पहिले दोन रविवार मला काही म्हणजे काही कळलं नाही. पण तिच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या दिवाणखान्यात एक जुना निळा-पांढरा सदरा चौकटीत लावलेला होता, त्यावर १९ हा आकडा होता, आणि त्या आकड्याबद्दल ते ज्या आवाजात बोलत, तो आवाज मला ओळखीचा वाटला. आपल्याकडे देवघरात गेल्यावर माणसं तशी बोलतात. मग मी त्या आकड्याच्या मागे लागलो.

जॉनी युनायटस ७ मे १९३३ रोजी पिट्सबर्गला जन्मला. घराणं मूळचं लिथुआनियाचं. वडिलांचा घरोघर कोळसा पोचवण्याचा छोटा धंदा होता. जॉनी पाच वर्षांचा असताना वडील वारले. मागे आई आणि चार मुलं. या बाईचं नाव हेलन. तिने कोळशाची गाडी चालू ठेवली, रात्री कचेऱ्यांमधल्या फरशा पुसल्या, आणि त्यातूनही वेळ काढून रात्रशाळेत जाऊन हिशेब ठेवण्याचं शिक्षण घेतलं. पुढे तिला नोकरीही जमाखर्चाचीच मिळाली. सगळं आयुष्य लेजरमध्ये डोकं घालून बसलेल्या माझ्यासारख्याला युनायटसच्या चरित्रात सगळ्यात आधी ही बाई भेटली, याचं मला विलक्षण बरं वाटलं. पुढे मुलगा मैदानावर कितीही अडचणीत सापडला तरी चेहऱ्यावरची रेषा हलू द्यायचा नाही. ते त्याला कुठून मिळालं, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

पोरगा काटकुळा होता. नोत्र दाम या नामांकित विद्यापीठाने अंगकाठी पाहून त्याला नाकारलं. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत तो नापास झाला. शेवटी लुईव्हिल विद्यापीठाने घेतला. त्या काळी तिथल्या फुटबॉलला फारसं कुणी विचारत नव्हतं. १९५५ साली व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंची वार्षिक निवड केली, तेव्हा गावच्याच पिट्सबर्ग स्टीलर्स संघाने त्याला नवव्या फेरीत उचललं. आता गावात, आईच्या डोळ्यांदेखत खेळायचं! पण संघाकडे जिम फिंक्स आणि टेड मार्चिब्रोडा हे दोन क्वार्टरबॅक होते, आणि तिसऱ्या जागेसाठी व्हिक ईटन हा आणखी एक नवा मुलगा पसंत पडला. हंगामापूर्वीच्या सराव सामन्यांत एका डावासाठीही मैदानात न उतरवता युनायटसला घरी पाठवलं. बसच्या भाड्याचे पैसे वाचवण्यासाठी तो वाटेत मिळेल त्या गाडीला हात दाखवत घरी आला, असं सांगतात. लग्न झालं होतं. जबाबदारी अंगावर होती.

मग तो बांधकामावर मजुरीला लागला आणि हौशी-निमव्यावसायिक अशा ब्लूमफील्ड रॅम्स नावाच्या संघाकडून खेळू लागला. एका सामन्याचे सहा डॉलर. गवताचं पातं नसलेल्या मैदानावर दिवसभर राबून आलेली माणसं रात्री एकमेकांवर आदळायची. आपल्याकडच्या मिलमजुरांच्या कबड्डीसारखंच काहीतरी असणार. १९५६ च्या सुरुवातीला बाल्टिमोर कोल्ट्स संघाच्या व्यवस्थापकाचा त्याला एक ट्रंक कॉल आला. त्या कॉलला एक डॉलरही पडला नसावा. क्रीडा इतिहासातली इतकी स्वस्त गुंतवणूक दुसरी नसेल. करार झाला तो ७,००० डॉलरचा, तोही संघात टिकला तर.

बाल्टिमोरमध्ये क्वार्टरबॅकची जागा रिकामी नव्हती. तिथे जॉर्ज शॉ होता, आदल्या वर्षीच्या निवडीत संपूर्ण देशात पहिला निवडलेला. देखणा, चपळ, लोकांचा लाडका. २१ ऑक्टोबर १९५६ रोजी शिकागो बेअर्सविरुद्धच्या सामन्यात शॉचा पाय जायबंदी झाला आणि २३ वर्षांच्या युनायटसला आत पाठवण्यात आलं. त्याने पहिलाच चेंडू फेकला, तो बेअर्सच्या खेळाडूने मधेच झेलला आणि थेट टचडाउन केला. पुढे हातातला चेंडू साथीदाराकडे देताना दोघांची धडक झाली, चेंडू सांडला, आणखी गुण गेले. कोल्ट्स ५८-२७ असे हरले. त्या संध्याकाळी बाल्टिमोरमध्ये या सहा डॉलरवाल्याला पुन्हा खेळवू नका असं म्हणणारे किती असतील, याची कल्पना मी सहज करू शकतो. मीही म्हटलं असतं.

पण दुसरा कुणी नव्हता. त्यामुळे तोच खेळला, आणि थोड्याच आठवड्यांत वाद संपला. शॉचा पाय बरा झाला, तो परत आला, आणि राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला. १९५८ साली युनायटसच्या बरगड्या मोडून फुप्फुसाला इजा झाली, तेव्हा त्याच्या गैरहजेरीत सामने सांभाळले ते याच शॉने. दोन वर्षांपूर्वी जागा त्याची होती. युनायटस छातीवर संरक्षक पट्टा बांधून परत आला, आणि शॉ निमूटपणे बाजूला झाला. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या संघात गेला. युनायटसवरच्या लिखाणात शॉचं नाव एका वाक्यात येतं आणि जातं. मला मात्र तो वाक्यापेक्षा मोठा वाटतो.

नंतर जे झालं ते अमेरिकेतल्या कोणत्याही क्रीडाप्रेमीला तोंडपाठ आहे. २८ डिसेंबर १९५८, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, विजेतेपदाचा सामना. समोर न्यूयॉर्क जायंट्स, गुण १७-१४ त्यांच्या बाजूने, हातात जेमतेम दोन मिनिटं, आणि कोल्ट्स आपल्याच टोकाला, जवळजवळ ८६ यार्ड दूर. युनायटसने रेमंड बेरी या साथीदाराकडे एकापाठोपाठ तीन चेंडू फेकले आणि ६२ यार्ड कापले. या बेरीचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित आखूड, दृष्टी अधू. बाकीचा संघ सराव संपवून घरी गेला तरी हे दोघं मैदानावर थांबायचे. एक फेकतोय आणि एक झेलतोय, काळोख पडेपर्यंत. बेरी कुठे असेल हे युनायटसला पाहावंच लागत नसे. सात सेकंद उरले असताना कोल्ट्सने फील्ड गोल मारून बरोबरी साधली. विजेतेपदाचा सामना जादा वेळेत जाण्याची ती पहिलीच खेप. जादा वेळेत युनायटसने ८० यार्डांची वाटचाल १३ डावांत पुरी केली आणि कोल्ट्स २३-१७ ने जिंकले.

सुमारे साडेचार कोटी लोकांनी तो सामना दूरचित्रवाणीवर पाहिला. बेसबॉलने वेडावलेल्या देशाला त्या दुपारी फुटबॉलची चटक लागली, असं तिकडचे इतिहासकार मानतात. आज त्या लीगचे जे अब्जावधी डॉलर आहेत, त्यांच्या पासबुकातली पहिली मोठी नोंद त्या दिवसाची.

१९५९ साली कोल्ट्सने पुन्हा जायंट्सनाच हरवून विजेतेपद राखलं. १९५६ ते १९६० या काळात युनायटसने लागोपाठ ४७ सामन्यांत किमान एक टचडाउन पास दिला. हा विक्रम ५२ वर्षं टिकला. २०१२ साली ड्रू ब्रीजने तो मोडला. १९५९, १९६४ आणि १९६७ या वर्षी तो लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. केस अगदी बारीक कापलेले, खांदे किंचित पुढे झुकलेले, पायात घोट्यापर्यंत येणारे काळे बूट. चित्रपटातल्या नायकासारखं त्यात काही नव्हतं. बाल्टिमोर हे हाताने काम करणाऱ्यांचं गाव. बांधकामावर मजुरी केलेला हा माणूस त्यांना आपल्यातला वाटे, आणि खेळाडूही तेव्हा कामगारांच्याच वस्त्यांमधून राहत. दहा-बारा वर्षांत गावातल्या एका अख्ख्या पिढीच्या बालपणाला त्याने आपला आकडा देऊन टाकला.

१९६८ साली तो ३५ वर्षांचा होता. हंगामापूर्वीच्या शेवटच्या सराव सामन्यात त्याच्या उजव्या कोपराला जबर दुखापत झाली. त्याच उन्हाळ्यात संघाने अर्ल मोरॉल नावाचा एक फिरस्ता क्वार्टरबॅक आणून ठेवला होता. वय ३४, बारा वर्षांत चार संघ फिरून झालेले, कुठेच पाय न रोवलेला. त्या मोरॉलने कोल्ट्सना १४ पैकी १३ सामने जिंकून दिले आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. मग १२ जानेवारी १९६९ रोजी मायामीत सुपर बोल. समोर न्यूयॉर्क जेट्स. त्यांचा प्रशिक्षक वीब यूबँक, ज्याने १९५६ साली युनायटसला कोल्ट्समध्ये घडवलं होतं आणि ज्याला पुढे कोल्ट्सनीच काढून टाकलं होतं. त्यांचा क्वार्टरबॅक २५ वर्षांचा जो नेमथ, पिट्सबर्गजवळच्याच गावचा, शाळेत असताना युनायटसच्या भक्तीपायी १९ नंबरचा सदरा घालणारा. जाणकारांनी कोल्ट्स १८ गुणांनी जिंकतील असं धरलं होतं.

मध्यंतरापर्यंत मोरॉलचे तीन चेंडू जेट्सनी हिसकावले होते. युनायटस बाकाजवळ उभा होता, कोपर पुरतं बरं नव्हतं. प्रशिक्षक डॉन शुला थांबला. ज्या माणसाने वर्षभर संघाला इथवर आणलं त्याला एका वाईट तासासाठी उठवायचं कसं, हा विचार त्याने केला असावा, आणि तो विचार नालायक नव्हता. तिसऱ्या चरणाचा बराचसा भाग सरल्यावर त्याने युनायटसला पाठवलं. दुखऱ्या हाताने युनायटसने कोल्ट्सना त्या सामन्यातला एकमेव टचडाउन मिळवून दिला. जेट्स १६-७ ने जिंकले. त्याला मध्यंतरालाच पाठवला असता तर, हा प्रश्न बाल्टिमोरचे जुने लोक अजून विचारतात.

दोन वर्षांनी, जानेवारी १९७१ मध्ये, कोल्ट्स पुन्हा सुपर बोलमध्ये होते. या वेळी सुरुवात युनायटसने केली, ७५ यार्डांचा एक टचडाउन पासही दिला, पण बरगड्यांना मार बसून तो बाहेर पडला. सामना पुरा केला मोरॉलने, आणि कोल्ट्स १६-१३ ने जिंकले. मोरॉलची जुनी उधारी अशी फिटली.

आता पुन्हा १९७२ कडे येतो, कारण माझ्या मते ही कथा तिथे उघडी पडते. त्या उन्हाळ्यात संघ विकला गेला. म्हणजे खरं तर अदलाबदल झाली. रॉबर्ट अर्से या उद्योजकाने लॉस एंजेलिसचा संघ विकत घेतला आणि कोल्ट्सच्या मालकाला तो देऊन बदल्यात कोल्ट्स घेतले. नव्या मालकाने जो थॉमस याला जनरल मॅनेजर नेमलं. थॉमसला संघ तरुण करायचा होता. सॅन डिएगोहून त्याने डोमरेसला आणलं. मोरॉलला तर सोडूनच दिलं होतं. त्याला १०० डॉलर शुल्क भरून उचललं ते डॉन शुलाने, जो आता मायामी डॉल्फिन्सचा प्रशिक्षक होता.

कोल्ट्स पहिल्या पाचपैकी चार सामने हरले. युनायटसच्या टाचेवरची शीर आदल्या वर्षी तुटली होती, हालचाल मंदावली होती, आणि पूर्वी जे चेंडू साथीदाराच्या छातीवर आदळायचे ते आता त्याच्या पायाशी पडू लागले होते. थॉमसने प्रशिक्षक डॉन मॅकॅफर्टीला युनायटसला बसवायला सांगितलं. मॅकॅफर्टीने नकार दिला. दोनच वर्षांपूर्वी सुपर बोल जिंकून देणाऱ्या या माणसाला १६ ऑक्टोबरला नोकरीवरून काढण्यात आलं आणि जॉन सँडस्की या सहायकाला त्याच्या जागी बसवलं. त्याने हुकूम पाळला. डोमरेस आत, युनायटस बाकावर.

आता आदल्याच दिवशी, १५ ऑक्टोबरला, मायामीत काय घडलं पाहा. डॉल्फिन्सचा २७ वर्षांचा क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी याचा पाय मोडला. शुलाने ३८ वर्षांच्या, बाल्टिमोरने टाकून दिलेल्या अर्ल मोरॉलला आत पाठवलं. डॉल्फिन्स त्या हंगामात एकही सामना हरले नाहीत. असा हंगाम पुरा करून सुपर बोलही जिंकणारा त्या लीगचा तो आजवरचा एकमेव संघ आहे. म्हणजे एकाच आठवड्यात एका गावात ३९ वर्षांचा माणूस म्हातारा ठरला आणि दुसऱ्या गावात ३८ वर्षांचा माणूस तारणहार! आणि गंमत पुढेच आहे. अंतिम फेरीच्या आधीच्या सामन्यात मोरॉल अडखळतोय असं दिसताच शुलाने मध्यंतरानंतर त्याला उठवलं आणि बऱ्या झालेल्या ग्रीसीला पाठवलं. चार वर्षांपूर्वी जो निर्णय घ्यायला त्याने उशीर लावला होता, तोच निर्णय, त्याच माणसाबाबत, या वेळी त्याने ताबडतोब घेतला.

मग थॉमसचं चुकलं का? बाल्टिमोरच्या लोकांनी त्याला कधीच माफ केलं नाही. मी आकडे पाहिले. युनायटसच्या त्या वर्षीच्या खात्यात ४ टचडाउन आणि समोरच्यांनी झेललेले ६ चेंडू. डोमरेसने नऊ सामन्यांत सुरुवात केली, चार जिंकले, पाच हरले. म्हणजे पाचांत एक जिंकणाऱ्या संघाने नवांत चार जिंकले. वही मिटवून सही करणारा कुणीही अधिकारी म्हणेल, व्यवहार ठीक आहे. मीही तेवढ्यापुरती सही करीन. संघ रविवारी जिंकण्यासाठी असतो, कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी नसतो, हे खरंच आहे. पण ज्याने सोळा वर्षं जागा सांभाळली त्याला ती सोडायला सांगण्याचं काम ज्याने त्याने स्वतः करायचं असतं. थॉमसने ते मॅकॅफर्टीवर ढकललं, त्याने ऐकलं नाही म्हणून त्याला हाकललं, आणि मग सँडस्कीकडून करून घेतलं. माझी तक्रार तेवढीच आहे.

बँकेत मी हे जवळून पाहिलं आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत एक हेड कॅशियर होते. बेरजेच्या लांबलचक रकान्यावरून वरून खाली नुसतं बोट फिरवायचे आणि खाली टोटल लिहायचे. ती कधी चुकलेली मी पाहिली नाही. नव्वदच्या दशकात संगणक आले आणि काउंटरवर बावीस-तेवीस वर्षांची मुलं बसली. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली. त्या मुलांनी काम चांगलंच केलं, मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण निवृत्तीच्या दिवशी त्या गृहस्थांनी आपला टेबलाखालचा स्टूल उचलून स्वतःच कोपऱ्यात नेऊन ठेवला, तो प्रसंग काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही. असो.

३ डिसेंबर १९७२ रोजी कोल्ट्सचा घरच्या मैदानावरचा, मेमोरियल स्टेडियममधला, हंगामातला शेवटचा सामना होता. युनायटस पुढच्या वर्षी इथे नसेल हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक छोटं विमान मैदानावर घिरट्या घालत होतं, आणि त्याच्या शेपटीला बांधलेल्या कापडी फलकावर एकजुटीच्या एका जुन्या इंग्रजी वचनात युनायटसचं नाव गुंफून लोकांनी आपलं मत लिहिलं होतं. शोभेसाठी, निरोपाचा बाहुला म्हणून मी आत जाणार नाही, असं युनायटसने आधीच बजावलं होतं. सामना कोल्ट्सच्या बाजूने झुकलेला. शेवटच्या चरणात डोमरेसच्या कमरेला लागल्याचं निमित्त झालं. ते दुखणं कितपत खरं होतं याबद्दल नंतर बरंच बोललं गेलं. त्या पोराने आणि सँडस्कीने मिळून ते वाढवून सांगितलं, असं म्हणतात. खरं असेल तर मार्टी डोमरेसच्या सगळ्या कारकिर्दीतला तो सर्वोत्तम डाव. युनायटस शिरस्त्राण चढवून आत गेला, आणि एडी हिंटनकडे त्याने फेकलेल्या चेंडूवर ६३ यार्डांचा टचडाउन झाला. सामना कोल्ट्सनी ३५-७ ने जिंकला. स्टेडियमचं काय झालं असेल ते सांगायला नको. माझ्या मुलीचे ते शेजारी त्या दिवशी तिथे होते. या जागी आले की ते थांबतात आणि उठून पाणी प्यायला जातात.

जानेवारी १९७३ मध्ये थॉमसने युनायटसला १,५०,००० डॉलरला सॅन डिएगो चार्जर्सना विकलं. म्हणजे जिथून डोमरेसला आणलं तिथेच. पण डोमरेसची जागा तरी कुठे पक्की होती? त्याच वर्षीच्या निवडीत थॉमसने बर्ट जोन्स नावाचा आणखी तरुण क्वार्टरबॅक घेतला आणि थोड्याच काळात डोमरेस बाकावर गेला. १९७६ साली जोन्स लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. तेव्हा त्याचा प्रशिक्षक होता टेड मार्चिब्रोडा, १९५५ साली पिट्सबर्गने युनायटसऐवजी ज्यांना ठेवलं त्यांच्यापैकी एक.

सॅन डिएगोत युनायटसच्या हाताखाली एक नवा मुलगा होता. वय २२, नाव डॅन फाउट्स. पहिल्या सामन्यात चार्जर्स ३८-० ने हरले. चौथा सामना ७ ऑक्टोबर १९७३ रोजी पिट्सबर्गला होता. त्याच्या जन्मगावी, आणि ज्यांनी त्याला अठरा वर्षांपूर्वी एकही डाव न देता घरी पाठवलं त्याच स्टीलर्सविरुद्ध. मध्यंतराला गुण ३८-० असे विरुद्ध. ४० वर्षांचा युनायटस बाहेर बसला आणि फाउट्स आत गेला. त्या मुलाने २१ गुण वसूल केले. युनायटसने सुरुवात केलेला हा अखेरचा सामना. या वेळी गावात दोन तट पडले नाहीत. ते त्याचं गाव नव्हतंच. फाउट्सने पुढे ४३,०४० यार्डांची कमाई केली, युनायटसच्या ४०,२३९ पेक्षा जास्त, आणि तोही मानाच्या दालनात जाऊन बसला. युनायटस तिथे १९७९ सालीच पोचला होता. हिशेब पुरा द्यायचा तर त्याच्या नावावर २९० टचडाउन पास आहेत आणि समोरच्यांनी झेललेले २५३ चेंडूही. नावेची बाजू त्याने कधी लपवली नाही.

१९७४ साली त्याने खेळ सोडला. नंतरची वर्षं फारशी सुखाची नव्हती. धंदे केले, ते बुडाले; १९९१ साली दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. इतक्या थंड डोक्याचा माणूस व्यवहारात इतका भोळा कसा, हे कोडं मला सुटलेलं नाही. पण असे खातेदार मी पाहिले आहेत. त्याहून वाईट म्हणजे उजवा हात गेला. १९६८ च्या त्या दुखापतीने कोपरात धरलेलं दुखणं बोटांपर्यंत उतरलं. साडेचार कोटी लोकांनी ज्या हाताकडे डोळे लावले होते, त्या हाताने त्याला काटा-चमचा धरता येईना. गोल्फची काठी धरायची तर हात पट्ट्याने तिला बांधावा लागे. लीगकडून अपंगत्वाची भरपाई मिळावी म्हणून त्याने प्रयत्न केला, तो नियमांत बसला नाही.

कोल्ट्सही बाल्टिमोरमध्ये राहिले नाहीत. २८-२९ मार्च १९८४ च्या रात्री, बर्फ पडत असताना, अर्सेने सामान वाहून नेणारे ट्रक बोलावले आणि अख्खा संघ इंडियानापोलिसला हलवला. सकाळी उठून गावाने पाहिलं तर कचेरी रिकामी. युनायटसने त्या दिवसापासून इंडियानापोलिसच्या कोल्ट्सशी नातं तोडलं. आपली कारकीर्द बाल्टिमोरच्या संघाची आहे, त्यांची नाही, अशी त्याची भूमिका शेवटपर्यंत राहिली. १९९६ साली बाल्टिमोरला रेव्हन्स नावाचा नवा संघ मिळाला, आणि त्यांच्या घरच्या सामन्यांना युनायटस मैदानाच्या कडेला उभा दिसू लागला. त्या स्टेडियमला आता एका बँकेचं, एम अँड टी बँकेचं, नाव आहे, आणि बाहेर युनायटसचा पुतळा आहे. आत जाणारे लोक शकुन म्हणून त्याच्या बुटाला हात लावून जातात. मीही लावला.

११ सप्टेंबर २००२ रोजी, व्यायाम करत असताना, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय ६९. पुढचा रविवार १५ तारखेला होता. इंडियानापोलिस कोल्ट्सचा २६ वर्षांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याने त्या रविवारी युनायटसच्या स्मरणार्थ घोट्यापर्यंतचे काळे बूट घालून खेळण्याची परवानगी लीगकडे मागितली. गणवेशाच्या नियमांत बसत नाही म्हणून लीगने ती नाकारली आणि मोठ्या दंडाची ताकीद दिली. मॅनिंगने विचार सोडून दिला. बाल्टिमोरला रेव्हन्सचा क्वार्टरबॅक होता २५ वर्षांचा ख्रिस रेडमन, युनायटसच्याच लुईव्हिल विद्यापीठातून आलेला, त्या वर्षी प्रथमच पहिल्या पसंतीची जागा मिळालेला. त्याने कुणाला विचारलं नाही. काळे बूट घातले आणि मैदानात उतरला. रेव्हन्स २५-० ने हरले, आणि लीगने रेडमनला ५,००० डॉलरचा दंड केला.